होराकांच्या घराचं जोतं

गावाकडचं घर पडायला लागलं की सगळ्यांत शेवटी जातं ते जोतं. आढं खाली येतं, वासे सरपणाला जातात, भिंतींची माती दोन-चार पावसाळ्यांत वाहून जाते. दगडी जोतं मात्र पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी राहतं. त्यावर उभं राहून जुनं माणूस बोट दाखवून सांगतं, इथं ओसरी, इथं माजघर, पलीकडं गोठा.

चेक प्रजासत्ताकात, प्रागच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, एका हिरव्या उताराच्या तळाशी असंच एक जोतं जपून ठेवलं आहे. होराक नावाच्या शेतकरी कुटुंबाचं हे घर. गवतातून वर आलेल्या दगडी भिंतींच्या रेषा दिसतात, खोल्यांचे चौकोन ओळखू येतात. पण आजूबाजूला गाव नाही. थोड्या अंतरावर चर्चचा पाया आहे, शाळेच्या पायाच्या खुणा आहेत आणि बाकी सगळा माळ. या माळावर जून 1942 पर्यंत लिडित्से नावाचं गाव होतं. सुमारे 500 माणसं आणि शंभरेक घरं. होराकांच्या घराला लागून असलेल्या बागेत 10 जून 1942 या एका दिवसात त्या गावातल्या 173 पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घालण्यात आल्या. ते सगळे बागेलगतच एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलेले आहेत.

लिडित्सेची गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्यात हायड्रिख असतो, हिटलर असतो, गाव जाळल्याच्या ज्वाळा असतात. या सगळ्यात ज्या घराच्या आवारात हे घडलं, त्या घराकडे लक्ष कमी जातं. वास्तविक ही गोष्ट त्या घरापासूनच सुरू होते आणि त्या घरापाशीच संपते.

लिडित्से हे तसं पाहिलं तर निव्वळ शेतकऱ्यांचं गाव नव्हतं. गावाचा पहिला लेखी उल्लेख चौदाव्या शतकातला, संत मार्टिनचं चर्च अठराव्या शतकात बरोक शैलीत नव्यानं बांधलेलं, मध्यातून वाहणारा ओढा, तळी, फळझाडं. पण शेजारच्या क्लाडनो शहरात कोळसा सापडला आणि पोलादाचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून गावातले बहुतेक पुरुष खाणीत नाहीतर भट्टीवर कामाला जात. तीन पाळ्या चालत. सायकलवरून किंवा पायी क्लाडनो गाठायचं, काळ्या तोंडानं परतायचं. घरामागं थोडी भाजी, दोन बकऱ्या, कोंबड्या. अशा या गावात होराकांचं घर वेगळं होतं. चेक भाषेत ज्याला ‘स्तातेक’ म्हणतात तो पुरा शेतकी वाडा, घर क्रमांक 73. मध्ये अंगण, एका बाजूला राहतं घर, खाली तळघर, गोठा, धान्याचं नि चाऱ्याचं मोठं कोठार, आणि मागं फळबाग. गावाच्या खालच्या टोकाला असल्यानं त्याच्यापुढं मोकळी शेतं लागत.

या घरातला योसेफ होराक हा मुलगा चेकोस्लोव्हाक सैन्यात अधिकारी होता. मार्च 1939 मध्ये जर्मनांनी प्राग ताब्यात घेतलं. त्याच वर्षी तो गावातल्याच योसेफ स्त्शिब्रनी या मित्राबरोबर देशाबाहेर निसटला आणि पुढं इंग्लंडला पोहोचून तिथल्या हवाई दलात दाखल झाला. असे हजारो चेक आणि स्लोव्हाक तरुण त्या काळात बाहेर पडले होते. मुलगा परदेशात आहे, एवढंच घरच्यांना माहीत. तो जिवंत आहे की नाही याचीही खात्री नव्हती.

27 मे 1942 रोजी प्रागच्या लिबेन भागात एका वळणावर राइनहार्ड हायड्रिखच्या उघड्या मोटारीवर हल्ला झाला. हायड्रिख हा बोहेमिया-मोराव्हियाचा त्या वेळचा जर्मन शासक, आणि त्याआधी युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्यांतला एक मुख्य माणूस. हल्ला करणारे गाब्चिक आणि कुबिश हे दोन सैनिक ब्रिटनमध्ये तयार होऊन विमानातून हवाई छत्रीनं उतरले होते. गाब्चिकची बंदूक ऐन वेळी अडकली, तेव्हा कुबिशनं बॉम्ब फेकला. हायड्रिख जखमी झाला आणि 4 जूनला मेला. हल्लेखोर सापडत नव्हते. बक्षिसं जाहीर झाली, घराघरांतून झडत्या झाल्या, रोज फाशीच्या नि गोळ्या घालण्याच्या याद्या लागू लागल्या. तरी पत्ता लागेना.

अशात 3 जून रोजी स्लानी गावातल्या बॅटरीच्या कारखान्यात एक पत्र आलं. ते तिथं काम करणाऱ्या एका तरुणीच्या नावावर होतं. कारखान्याच्या मालकानं ते फोडलं, त्यातला मजकूर त्याला संशयास्पद वाटला आणि त्यानं पोलिसांना कळवलं. पोलिसांकडून पत्र गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, क्लाडनोमधल्या कचेरीत गेलं. पत्र लिहिणारा विवाहित होता. त्या मुलीशी जुळलेलं प्रकरण त्याला संपवायचं होतं आणि त्यासाठी त्यानं आपण काहीतरी गुप्त, धोक्याच्या कामात गुंतलो आहोत असा आव आणला होता. इतकंच. पण मुलीची चौकशी झाली तेव्हा तिच्या बोलण्यात एक नाव आलं. लिडित्सेच्या होराकांना निरोप द्यायचा होता की तुमचा मुलगा ठीक आहे.

मुलगा ठीक आहे. ज्या निरोपाची त्या घरातली आई वर्षानुवर्षं वाट पाहत असेल, तोच निरोप त्या घराच्या आणि पाठोपाठ पुऱ्या गावाच्या मुळावर आला.

4 जूनला पहाटे लिडित्सेत झडती झाली. होराक आणि स्त्शिब्रनी या दोन्ही कुटुंबांतली पंधरा माणसं अटकेत गेली. घरं उलटीपालटी केली, पण आक्षेपार्ह काही मिळालं नाही. हल्ल्याशी या दोन्ही तरुणांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा काडीचाही संबंध नव्हता आणि क्लाडनोच्या गेस्टापोला ते काही दिवसांतच कळून चुकलं होतं. हा मुद्दा ठासून सांगायला हवा, कारण आजही काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं की लिडित्सेनं हल्लेखोरांना आसरा दिला होता. तसं काही घडलं नव्हतं. पत्र लिहिणारा आणि ती मुलगी, दोघांनाही पुढं ऑक्टोबरमध्ये माउटहाउसेनच्या छळछावणीत मारून टाकण्यात आलं.

9 जूनला बर्लिनमध्ये हायड्रिखची सरकारी इतमामानं अंत्ययात्रा निघाली. त्याच संध्याकाळी कार्ल हेर्मान फ्रांक या नाझी अधिकाऱ्याकडून प्रागमधल्या सुरक्षा पोलिसांच्या प्रमुखाला, होर्स्ट बोमेला, हिटलरचा हुकूम पोहोचला. गावातल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना गोळ्या घाला. बायकांना छळछावणीत पाठवा. मुलांमधली ‘जर्मन करण्याजोगी’ निवडून जर्मन घरांत द्या. गाव जाळा आणि जमीनदोस्त करा.

रात्री गावाला वेढा पडला. आत येऊ दिलं जात होतं, बाहेर जाऊ दिलं जात नव्हतं. मध्यरात्रीनंतर घराघरांतून माणसं उठवली. बायका-मुलांना आधी शाळेत जमवलं आणि पहाटे ट्रकमधून क्लाडनोला नेलं. पुरुषांना, म्हणजे साधारण पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांना, होराकांच्या वाड्यात आणलं. घरधनी सहा दिवसांपूर्वीच अटकेत गेलेला, वाडा रिकामा. तळघर, गोठा आणि कोठार माणसांनी भरली. ज्या कुटुंबाच्या नावानं हा सगळा कहर सुरू झाला, त्याच कुटुंबाच्या घरात गावातल्या पुरुषांनी आपली अखेरची रात्र काढली. त्यांच्यात बाप होते, मुलगे होते, एकाच खाणीत एकाच पाळीला जाणारे शेजारी होते. कुणी कुणाशी काय बोललं, हे सांगायला त्यांतलं कुणीच उरलं नाही.

त्यांच्यात गावचा वृद्ध पाद्री योसेफ श्टेंबेर्काही होता. वय 73, गावात येऊन 33 वर्षं झालेली. त्याला वाचण्याची संधी देऊ केली होती आणि त्यानं ती नाकारली, असं लिडित्सेत सांगितलं जातं. तो आपल्या लोकांबरोबर त्या कोठारात होता आणि त्यांच्याबरोबरच मेला, एवढं निर्विवाद आहे.

सकाळी घराघरांतून गाद्या काढून आणल्या आणि कोठाराच्या भिंतीला उभ्या टेकवून लावल्या. गोळी दगडावर आपटून उलटू नये, मारणाऱ्याला लागू नये, म्हणून ही काळजी. ज्या गाद्यांवर ती माणसं आदल्या रात्री झोपली होती, त्याच या गाद्या. पाच-पाच जणांना बाहेर काढून त्यांच्यापुढं उभं केलं जाई. हे फार सावकाश चाललं आहे असं बोमेला वाटलं, म्हणून मग दहा-दहांच्या रांगा सुरू झाल्या. नवी रांग आधीच्या प्रेतांपुढं उभी राही, बंदूकवाले काही पावलं मागं सरत. प्रेतं उचलली जात नव्हती. दुपारपर्यंत बाग भरली. मारलेल्यांत सर्वांत लहान 14 वर्षांचा होता आणि सर्वांत म्हातारा 84 वर्षांचा.

खाणीत रात्रपाळीवर असलेले किंवा अन्य कारणानं बाहेर असलेले काही पुरुष त्या दिवशी सुटले, पण त्यांना शोधून काढलं. ते आणि होराक-स्त्शिब्रनी कुटुंबांतली मोठी माणसं, असे 26 जण 16 जूनला प्रागच्या कोबिलिसी मैदानात मारले गेले. त्यांत सात बायका होत्या.

प्रेतं पुरण्यासाठी तेरेझिनच्या घेट्टोतून तीस ज्यू कैदी आणण्यात आले. कुठं नेत आहेत, कशासाठी, काहीही न सांगता त्यांना ट्रकमधून उतरवलं आणि हातात खोरी-फावडी दिली. मारझोड सोसत, झोपेविना छत्तीस तास त्यांनी खड्डा खणला. मागं गाव जळत होतं. बागेतली प्रेतं एकेक करून त्यांनी त्या खड्ड्यात उतरवली. काम झाल्यावर त्यांना परत घेट्टोत नेलं. त्यांतल्या थोड्यांनाच युद्धाचा शेवट पाहता आला, आणि त्यांच्यामुळेच बागेतल्या त्या दोन दिवसांची हकिकत बाहेर आली. लिडित्सेच्या कोणत्याही वर्णनात या तिसांची आठवण काढलीच पाहिजे. ज्यांच्यावर स्वतःच मरण टांगलेलं होतं, त्यांच्याच हातून त्या गावाला मूठमाती मिळाली.

पुढं जे झालं त्याला मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे, गाढवाचा नांगर. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, ही हकिकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही जागा पुन्हा नांदू नये, असा त्याचा अर्थ. लिडित्सेत हेच काम सरकारी वेळापत्रकानुसार, यंत्रांनी आणि मनुष्यबळ नेमून झालं. आग विझल्यावर उरलेल्या भिंती सुरुंग लावून पाडल्या. चर्च उडवलं. त्यानंतर श्रमसेवा दलाच्या तुकड्या आल्या. राडारोडा वाहून न्यायला छोटी रेल्वे टाकली. झाडं मुळासकट काढली, तळी बुजवली, ओढ्याला नवा मार्ग दिला. स्मशानातल्या कबरी उकरून टाकल्या, म्हणजे मेलेलेही उरू नयेत. 1943 मध्येही हे काम चाललं होतं. नकाशावरून नाव काढलं. आणि या साऱ्याचं जर्मनांनी स्वतःच चित्रीकरण करून ठेवलं. तीच फिल्म युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली गेली.

डिसेंबर 1942 मध्ये एक माणूस क्लाडनोकडून चालत लिडित्सेला निघाला. तो युद्धापूर्वीपासून एका गुन्ह्यासाठी तुरुंगात होता आणि शिक्षा संपवून घरी परतत होता. तुरुंगात त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. गाव दिसायला हवं त्या जागी आला, तर समोर सपाट माळ. लिडित्सेच्या प्रौढ पुरुषांपैकी जे तिघं युद्धातून वाचले, त्यांतला हा एक. बाकीचे दोघं इंग्लंडमध्ये विमानदलात होते.

क्लाडनोत बायका-मुलांना एका शाळेच्या व्यायामशाळेत, जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यावर तीन दिवस ठेवलं. 12 जूनच्या संध्याकाळी मुलांना आयांपासून वेगळं केलं. मुलं बसनं पुढं जातील, तुम्ही आगगाडीनं या, छावणीत भेट होईल, असं सांगितलं. बायका राफेन्सब्र्युकच्या छळछावणीत गेल्या. 88 मुलं पोलंडमधल्या वूच शहरात नेली. तिथून काही मुलांनी नातेवाइकांना पत्रं पाठवून कपडे आणि पाव मागितला. त्यांतली थोडी मुलं निवडून बाजूला काढली. राहिलेली बहुतेक सगळी, तीन आठवड्यांच्या आत, खेल्मनो इथं बंद गाडीत विषारी वायू सोडून मारली. वायूनं मारलेल्या मुलांची संख्या 82.

आयांना यातलं काहीही माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या छावणीत या आशेवर जगल्या की नवरे कुठंतरी सक्तमजुरीवर असतील आणि मुलं कुणाच्या तरी घरी वाढत असतील. मे-जून 1945 मध्ये त्या परतल्या. गाव नाही, नवरे नाहीत हे त्यांना चेक हद्दीत पाऊल टाकल्यावर कळलं. 143 बायका परतल्या. मुलांचा शोध त्यानंतर दोन वर्षं चालला. 105 मुलांपैकी 17 सापडली. जर्मन घरांत वाढलेली काही मुलं चेक बोलणं विसरली होती. मारी शुपिकोव्हा ही त्यांतली एक. ती घर सोडून गेली तेव्हा सुमारे दहा वर्षांची होती. परत आली तेव्हा राफेन्सब्र्युकहून आलेली आई दवाखान्यात खाटेवर होती आणि मायलेकींना एकमेकींशी बोलायला एक भाषा उरली नव्हती. आई फार दिवस जगली नाही. 1947 मध्ये, पंधराव्या वर्षी, मारीनं न्यूरेंबर्गच्या न्यायालयात उभं राहून साक्ष दिली.

एकूण हिशेब असा आहे: 192 पुरुष, 60 बायका, 88 मुलं. 340 माणसं.

जर्मनांनी हे लपवलं नव्हतं. 10 जूनलाच रेडिओवरून त्यांनी घोषणा केली की लिडित्सेच्या पुरुषांना मारलं, बायकांना छावणीत पाठवलं, गाव पाडलं आणि त्याचं नाव पुसलं. दहशत बसावी हा हेतू. दोन आठवड्यांनी लेझाकी नावाची आणखी छोटी वस्तीही त्यांनी अशीच संपवली. पण लिडित्सेच्या घोषणेचा परिणाम त्यांना अपेक्षित नव्हता असा झाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका वसाहतीनं महिन्याभरात आपलं नाव बदलून लिडित्से ठेवलं. मेक्सिकोत सान हेरोनिमो या गावानं आपल्या नावापुढं लिडित्से जोडलं. लॅटिन अमेरिकेत मुलींची नावं लिडित्से ठेवली जाऊ लागली. वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात, तिथल्याच गल्ल्यांत, गावकऱ्यांनाच भूमिका देऊन, लिडित्सेवरचा चित्रपट बनला. चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनूनं 1943 मध्ये लिडित्सेच्या आठवणीत वाद्यवृंदासाठी रचना लिहिली.

या सगळ्यांत मोलाचं काम इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहरात झालं. डॉक्टर बार्नेट स्ट्रॉस तिथं कुंभारकामाच्या कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या मजुरांच्या फुप्फुसांचे विकार तपासत. धुळीनं छाती भरलेली माणसं त्यांच्या रोजच्या ओळखीची. लिडित्सेत मेलेलेही खाणकामगारच, हे ऐकल्यावर त्यांनी ‘लिडित्से जगेल’ अशी हाक दिली. 6 सप्टेंबर 1942 रोजी शहरात मोठी सभा झाली. चेकोस्लोव्हाकियाचे परागंदा अध्यक्ष एडवर्ड बेनेश तिला हजर होते. स्टोकच्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे बाजूला काढले. युद्ध चालू, घरात शिधा मोजून, तरीही सुमारे 32 हजार पौंड जमले, तेही एका अशा गावासाठी, ज्याचं नाव त्यांना नीट उच्चारताही येत नव्हतं.

युद्ध संपल्यावर खरा अवघड प्रश्न उभा राहिला. पैसा होता, जगाची सहानुभूती होती, सरकारनं गाव पुन्हा बांधण्याचं जाहीर केलं. पण बांधायचं कुठं? जुन्याच जागेवर घरं उभारली, तर बायकांना आपल्या नवऱ्यांच्या कबरीवर चूल मांडावी लागली असती. निर्णय असा झाला की नवं लिडित्से शेजारी, दोन-तीनशे मीटरवर, चढाच्या अंगाला वसवायचं आणि जुन्या गावाची जागा मोकळी ठेवायची. 1947 पासून नव्या गावाची दीडशे घरं उभी राहिली. परतलेल्या बायका तिथं राहायला आल्या. खिडकीतून खाली पाहिलं की मोकळा माळ दिसायचा.

त्या माळावर उभं काही करायचं नाही, पण जे जमिनीत आहे ते दाखवायचं, हे धोरण ज्यांनी ठरवलं त्यांना फार मोठी समज होती असं म्हणावं लागेल. श्रमसेवा दलानं सगळं सपाट केलं होतं, तरी पाये खाली राहिले होते. होराकांच्या वाड्याचे, चर्चचे, शाळेचे पाये उघडे केले गेले. वाडा पुन्हा बांधायचा मोह टाळला. नवं कोठार, नव्या गाद्या, मेणाचे पुतळे, असलं काही केलं असतं तर तिथं प्रेक्षक उभा राहिला असता. आज तिथं गेलेल्या माणसाला कोठाराची भिंत स्वतःच्या मनात उभी करावी लागते. बागेच्या जागी सामुदायिक कबर आहे, तिच्यावर साधा लाकडी क्रूस आणि त्याला काटेरी तारेचा मुकुट. 1962 मध्ये ही सगळी जागा राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारक म्हणून घोषित झाली.

या घराचा मुलगा योसेफ होराक युद्धानंतर परतला होता. इंग्लंडला असतानाच त्याचं लग्न झालं होतं. घर नव्हतं, आईवडील नव्हते, आणि जे घडलं त्याचा ठपका नकळत आपल्या नावावर आहे याची जाणीव त्याला पदोपदी होत राहिली. वाचलेल्यांपैकी काहींना त्याच्याकडे पाहणंही जड जात असे. ज्यांनी सर्वस्व गमावलं त्यांना दोष देता येत नाही. पण होराकला दोष द्यायलाही कसलंच कारण नव्हतं. त्यानं देशासाठी लढायला घर सोडलं होतं, एवढाच त्याचा अपराध. 1948 मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि पाश्चात्त्य सैन्यांत लढलेले लोक संशयित ठरू लागले. तो पुन्हा इंग्लंडला गेला, पुन्हा हवाई दलात शिरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात मेला. जोत्याच्या दगडांवर त्याचा हक्क होता, पण तिथं बसायला त्याला निवांतपणा मिळाला नाही.

जुन्या आणि नव्या लिडित्सेच्या मध्ये गुलाबांची मोठी बाग आहे. तीही डॉ. स्ट्रॉस यांच्याच कल्पनेतून आली. तीसहून अधिक देशांतून हजारो रोपं आली आणि 1955 मध्ये बाग खुली झाली. पुढं राजवट बदलली, पैसा आटला, बाग उजाड झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा लावली गेली. वरच्या अंगाला मुलांचे ब्राँझचे पुतळे आहेत, 42 मुली आणि 40 मुलगे. शिल्पकार मारी उखितिलोव्हा यांनी हे काम 1969 मध्ये हाती घेतलं आणि वीस वर्षं त्या त्यात बुडून राहिल्या. 1989 मध्ये त्या गेल्या तेव्हा ब्राँझच्या ओतकामाला पैसे नव्हते. त्यांच्या पतीनं जगभरातून देणग्या मिळवत दोन-चार करत पुतळे बसवले. शेवटचे 2000 साली बसले. 1967 पासून दर वर्षी लिडित्सेत लहान मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं. पुढं ते आंतरराष्ट्रीय झालं आणि आता आपल्या देशातल्या मुलांची चित्रंही तिथं पोहोचतात. मुलांना तिथं चित्र पाठवायला सांगणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा तरी वर्गात सांगावं की हे गाव कुठलं आणि चित्रं तिथंच का मागवतात.

मराठी प्रवासी आता प्रागला पुष्कळ जातात. चार्ल्स पूल, जुनं घड्याळ, किल्ला पाहून पुढच्या शहराची गाडी धरतात. त्यांना एक विनंती. अर्धा दिवस काढा. प्रागहून लिडित्सेला बसनं अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येतं. मुलांच्या पुतळ्यांपाशी माणूस थांबतो आणि तिथून पाऊल उचलत नाही, हे खरं आहे. तरीही तिथून परत फिरू नका. पायवाट उताराच्या तळाशी, ओढ्याकडे जाते. तिथं होराकांचं जोतं आहे. त्याच्या कडेनं एक फेरी मारा आणि मग कबरीपाशी जा.